वाटणी कायद्याने झाली. मग सद्गुणाचे काम काय उरते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या निधनानंतर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी आणि वाटणी, झाली, राहते घर लिसिटेशनमध्ये, म्हणजे वारसांमधल्या बोलीत, आपण घेतले, बहिणीच्या हिश्शाची रक्कम ठरल्याप्रमाणे मुदतीत भरली आणि कोणतीही मालमत्ता लपवली नाही. तरीही बहिणीने तेव्हापासून बोलणे सोडले आहे, आणि घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी ‘कायद्याने वागलास, पण चांगला वागला नाहीस’ असे सुनावले आहे. नियम मोडला नाही आणि कोणाचे नुकसानही केले नाही, तर ‘चांगले वागणे’ म्हणून आणखी काय शिल्लक राहते, असे आपण विचारता. ते शिल्लक राहिलेले केल्याने जगणे खरोखर चांगले होते की केवळ भाबड्या माणसांचे नुकसान होते, अशीही शंका आपण शेवटी जोडली आहे.

आपण अन्याय केला, असे मी म्हणणार नाही. परंतु नियमपालन आणि नुकसान न करणे या दोन गोष्टींत नीतीचा सगळा प्रांत सामावतो, हे आपले गृहीत मला मान्य नाही. सद्गुणाचे मुख्य काम हे दोन्ही विचार मनात येण्याच्या आधीच होऊन गेलेले असते किंवा राहून गेलेले असते, असे माझे मत आहे. गोव्यात नीतिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची वर्षे गेली, आणि निवृत्तीनंतर वाटणीच्या बैठकांत त्रयस्थ म्हणून बसण्याचे काम अंगावर आले. त्यामुळे ग्रंथांतली चर्चा आणि अंगणातली चर्चा यांची सांगड घालण्याची सवय लागली आहे. उत्तर त्याच सवयीने लिहितो.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली आणि आता २०१२ च्या राज्य कायद्यात उतरलेली आमची वारसाव्यवस्था मुलगा आणि मुलगी यांच्यात भेद करत नाही. आईवडिलांना आपल्या वाट्याच्या निम्म्याच संपत्तीची मृत्युपत्राने मनाजोगती विल्हेवाट लावता येते, कारण उरलेला निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो. वारसांत एकमत झाले नाही, की इन्व्हेंटरीत मालमत्तेची यादी होते, किमती लागतात, आणि एकाच मालमत्तेवर अनेकांचा डोळा असेल तर तिच्यासाठी वारसांमध्येच बोली लागते. ही बोली म्हणजे लिसिटेशन. ज्याची बोली चढी ठरते त्याला मालमत्ता मिळते, आणि त्याच्या हिश्शापेक्षा जी रक्कम जास्त होते ती तो इतरांना देतो. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध वाटा मिळण्यासाठी देशाच्या बहुतेक भागांत २००५ ची कायदादुरुस्ती यावी लागली, हे लक्षात घेतले तर आमच्या व्यवस्थेचे मोल कळते, आणि मी तिचा अभिमानी आहे.

परंतु बोली लावण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते. आखातात किंवा बोटीवर नोकरी केलेल्या भावाकडे रोकड असते, तर आईवडिलांच्या आजारपणात ज्या बहिणीने घर सांभाळलेले असते तिच्याकडे बहुधा ती नसते. न्यायाधीशाला हा फरक दिसत नाही, आणि त्याने तो पाहू नये हेच बरे, कारण प्रत्येक कुटुंबाच्या अंतरंगात शिरून वाटे ठरवणारा कायदा लवकरच पक्षपाती होईल. कायदा डोळे झाकून समान वागतो, हे त्याचे सामर्थ्य आहे. आणि म्हणूनच कोणीतरी डोळे उघडे ठेवणे आवश्यक असते, ही त्याची मर्यादा आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या प्रमुख ग्रंथात, न्यायाची सविस्तर चर्चा केल्यानंतर, नेमक्या याच ठिकाणी एक वेगळा सद्गुण मांडला आहे. कायदा सामान्य भाषेत बोलतो आणि प्रसंग मात्र एकेकटे येतात, त्यामुळे कायद्याची भाषा जिथे तोकडी पडते तिथे कायदा करणाराच समोर असता तर त्याने काय म्हटले असते, हे ओळखून वागणाऱ्या माणसाला तो समंजस म्हणतो. या माणसाची त्याने दिलेली खूण आपल्या प्रश्नाला थेट भिडणारी आहे: कायदा आपल्या बाजूने असतानाही जो आपल्या हक्काला चिकटून बसत नाही आणि वाट्यापेक्षा कमी घेण्यास तयार असतो, तो समंजस. हा समंजसपणा न्यायाच्या विरोधी नाही, तो न्यायाचाच अधिक चांगला प्रकार आहे, असेही तो आवर्जून सांगतो. आपल्या वडीलधाऱ्यांना बहुधा हेच म्हणायचे असावे.

शब्दाने नियम पाळूनही माणूस कसा घसरतो, याचे उदाहरण आपल्याला परक्या ग्रंथात शोधण्याची गरज नाही. द्रोणपर्वातल्या युधिष्ठिराने अश्वत्थामा मेला असे सांगितले आणि ‘हत्ती’ हा शब्द पुटपुटला. नियमाच्या कसोटीवर ते वाक्य खोटे नव्हते, तरीही तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी भुईला टेकला, असे व्यासांनी सांगितले. तिथे व्यासांना नियमाचा हिशेब मांडायचा नव्हता. सत्य बोलण्याचा नियम ज्या वृत्तीसाठी असतो, ती वृत्ती त्या क्षणी सुटली, हे त्यांनी दाखवले.

‘नुकसान केले नाही’ या दुसऱ्या युक्तिवादावर फार वेळ घालवत नाही. परिणामांवरून कृती तोलणारी विचारपद्धती आदरणीय आहे, आणि धोरणे ठरवताना तिच्यावाचून चालत नाही. परंतु ती वापरण्याआधी कोणती गोष्ट नुकसानीच्या खात्यात धरायची हे आपल्याला दिसावे लागते. बहिणीला बाजारभावाने रक्कम मिळाली, म्हणून आपण खाते बंद केले. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायला ती जिथे जात होती, जिथे तिच्या मुलांना आजोळ म्हणून काही होते, ती जागा उद्यापासून भावाच्या आमंत्रणावर अवलंबून राहणार, ही गोष्ट त्या खात्यात आलीच नाही. आपण ती लबाडीने वगळली असे मला वाटत नाही. ती आपल्याला दिसलीच नाही, आणि सद्गुणाचा प्रश्न नेमका इथून सुरू होतो.

आपण पाठवलेल्या मजकुरात मूल्यांकनाच्या रकमा आहेत, तारखा आहेत, वकिलांचा सल्लाही आहे. बहीण काय करते, कुठे राहते, तिने बोली का लावली नाही, याविषयी एकही वाक्य नाही. हे मी दोष काढण्यासाठी लिहीत नाही. नैतिक जीवनाचा फार मोठा भाग निर्णयांनी बनलेला नसून लक्षाने बनलेला असतो, हे दाखवण्यासाठी लिहितो. नीतीची पाठ्यपुस्तके बहुधा चौरस्त्यावर उभ्या असलेल्या माणसापासून सुरुवात करतात: हे करू की ते करू, कोणता नियम लागू होतो. प्रत्यक्षात ज्याच्या अंगी दया मुरलेली असते त्याला समोरच्याची अडचण आधी दिसते, आणि ती दिसल्यावर काय करायचे याविषयी त्याला सहसा फारसा विचार करावा लागत नाही. ज्याला ती दिसत नाही त्याच्यापुढे चौरस्ता येतच नाही. तो सरळ निघून जातो आणि नंतर प्रामाणिकपणे म्हणतो की मी कोणताही नियम मोडला नाही.

ज्ञानदेवांनी हे जितके बारकाईने पाहिले तितके मला अन्यत्र फार थोड्या ठिकाणी आढळले. गीतेच्या तेराव्या अध्यायात ‘अहिंसा’ हा एक शब्द येतो. ज्ञानेश्वरीत त्या एका शब्दाला ओव्यांमागून ओव्या मिळतात, आणि त्या ओव्यांत ‘मारू नये’ या नियमाची फोड फारशी नाही. तो माणूस चालतो कसा, पाऊल कसे टेकतो, पाहतो कसा, त्याचा हात कसा हलतो, याचे वर्णन आहे. बोलण्याविषयी ते म्हणतात, ‘पुढां स्नेह पाझरे । माघां चालती अक्षरें । शब्द पाठीं अवतरे । कृपा आधीं ॥’ शब्द मागून येतो, कृपा आधी पोचलेली असते. इथे क्रम महत्त्वाचा आहे. शब्द ठरवून त्यांना नंतर गोडवा लावणारा माणूस आणि ज्याचा स्नेहच शब्द निवडतो तो माणूस, दोघेही एकच वाक्य उच्चारू शकतील. ऐकणाऱ्याला मात्र फरक कळतो, आणि भावंडांच्या बाबतीत तर तो फारच लवकर कळतो. बैठकीत ‘तुझे काय म्हणणे आहे ते सांग’ हे वाक्य मी दोन्ही प्रकारे उच्चारलेले ऐकले आहे.

आता कोणी विचारील की हा स्नेह ज्याच्या ठायी मुळातच कमी आहे, पण जो कर्तव्य म्हणून नेटाने योग्य तेच करतो, त्याला आपण कमी लेखायचे का. हा आक्षेप मोठा आहे आणि तो कांट या जर्मन तत्त्वज्ञाच्या नावाने ओळखला जातो. १७८५ च्या आपल्या ग्रंथात त्याने अशा माणसाची कल्पना केली आहे, की ज्याचे मन स्वतःच्या दुःखाने झाकोळले आहे, इतरांविषयीची सहानुभूती विझली आहे, आणि तरीही तो केवळ कर्तव्य म्हणून मदत करतो. त्याच्या कृतीलाच खरे नैतिक मोल आहे, असे कांट म्हणतो. अ‍ॅरिस्टॉटलची विभागणी याच्या नेमकी उलट वाटते. त्याच्या मते वाईट हेच चांगले मानणारा दुर्गुणी. योग्य काय ते कळूनही मोहाला बळी पडणारा दुर्बळ. मोहाशी झगडून योग्य तेच करणारा संयमी. आणि ज्याच्या मनात तो झगडाच उरलेला नाही तो सद्गुणी. दुर्बळ माणसाची स्थिती आपल्याकडे दुर्योधनाच्या तोंडी घातल्या जाणाऱ्या ‘जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः’ या उक्तीत नेमकी उतरली आहे. संयमी माणूस अ‍ॅरिस्टॉटलला आदरणीय वाटतो, पण तो त्याला शेवटची पायरी मानत नाही.

विद्यार्थ्यांपुढे हा वाद मांडताना कांटची बाजू मी हलकी होऊ दिली नाही, कारण जो माणूस केवळ मन ओले असेल तेव्हाच मदत करतो त्याच्यावर विसंबता येत नाही, हे त्याचे निरीक्षण खरे आहे. परंतु झगडा असला की सद्गुण वाढतो की कमी होतो, या प्रश्नाचे उत्तर झगडा कुठून येतो यावर अवलंबून आहे. फिलिपा फुट या ब्रिटिश विदुषींनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात हा भेद स्पष्ट केला. गरिबीमुळे ज्याला सापडलेले पैसे परत करणे जड जाते, त्याचा प्रामाणिकपणा त्या जडपणामुळे अधिक दिसतो, कारण अडचण परिस्थितीने निर्माण केलेली आहे. ज्याची ददात नाही आणि तरीही दुसऱ्याचे पैसे परत करताना ज्याचा हात अडखळतो, त्याच्या बाबतीत अडचण त्याच्या स्वभावातच आहे, आणि तिथे तो अडखळणेच सद्गुणाची उणीव दाखवते. मला हे उत्तर पटते. ज्या भावाला कर्ज फेडायचे आहे आणि जो तरीही बहिणीसाठी बोली थांबवतो, आणि ज्याची तीन घरे आहेत तरी चौथे सोडताना ज्याचा जीव तुटतो, या दोघांना एका मापाने मोजणे चूक आहे.

सद्गुण अंगी येतो कसा, या प्रश्नाचे उत्तर पतंजलीपासून अ‍ॅरिस्टॉटलपर्यंत एकच आहे, आणि त्यात गूढ काही नाही. योगसूत्रांत अभ्यास दृढ कधी होतो हे सांगताना तीन अटी घातल्या आहेत: तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा आणि आदरपूर्वक हवा. तिसरी अट लोक विसरतात. नुसत्या सवयीने घड्याळ पाहून दान करणारा माणूस तयार होतो. आपण करतो आहोत ती गोष्ट मोलाची आहे या जाणिवेने केलेली सवय वृत्ती घडवते. अ‍ॅरिस्टॉटलही हेच म्हणतो, की न्यायी कृत्ये करत राहूनच माणूस न्यायी होतो, परंतु तो खऱ्या अर्थाने न्यायी ठरण्यासाठी त्याने ती कृत्ये जाणून, त्यांच्यासाठीच निवडून, आणि स्थिर वृत्तीतून करावी लागतात.

इथे रियाजाचे उदाहरण सगळेच देतात, आणि केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या गायिकांच्या भूमीत ते देण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. उदाहरण चांगले आहे, पण ते एका ठिकाणी तुटते, आणि ते तुटणे अधिक शिकवणारे आहे. गुरू शिष्याला दाखवण्यासाठी मुद्दाम बेसूर लावू शकतो. त्याने त्याची विद्या कमी होत नाही, उलट नकळत बेसूर होणाऱ्यापेक्षा तो श्रेष्ठच ठरतो. जाणूनबुजून अन्याय करणारा माणूस मात्र नकळत अन्याय करणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ ठरत नाही. विद्या बाजूला ठेवता येते, हवी तेव्हा उचलता येते. सद्गुणाला सुट्टी नसते. हा भेदही अ‍ॅरिस्टॉटलनेच टिपलेला आहे.

आतापर्यंतचे वाचून कोणाला वाटेल की सद्गुणांची यादी करावी आणि त्यांचा अभ्यास सुरू करावा. माझा अनुभव असा, की दुर्गुणांपासून जितका धोका असतो त्याहून अधिक धोका सद्गुणांसारख्या दिसणाऱ्या वृत्तींपासून असतो. या विषयावर मला सर्वाधिक उपयोगी पडलेला विचार बौद्ध परंपरेतला आहे, आणि तो आपल्यापर्यंत आणणाऱ्यांत साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचे नाव अग्रभागी आहे. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, बुद्धघोष या बौद्ध आचार्याने लिहिलेल्या ‘विशुद्धिमार्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाला कोसंबींनी आयुष्याची कितीतरी वर्षे दिली. त्याची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये निघाली, आणि हार्वर्डच्या ग्रंथमालेतली आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, १९५० मध्ये आली. गोव्यातल्या एका खेड्यातून निघून पुणे, काशी, नेपाळ, सिंहल असा प्रवास करणाऱ्या या माणसाला आपल्या अभ्यासक्रमांत जेवढी जागा मिळायला हवी तेवढी अद्याप मिळालेली नाही, हे जाता जाता नोंदवतो.

त्या ग्रंथात मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्षा या चार वृत्तींपैकी प्रत्येकीला दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष. तो सहज ओळखू येतो. तिचा जवळचा शत्रू आसक्ती, जी मैत्रीसारखीच दिसते आणि म्हणून घरात घुसते. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, तर जवळचा शत्रू घरगुती शोक, म्हणजे दुसऱ्याचे दुःख पाहून स्वतःच हळहळत बसणे. उपेक्षेचा, म्हणजे समत्वाचा, जवळचा शत्रू अज्ञानातून आलेली बेफिकिरी. एकदा ही दृष्टी आली की ती त्या चार वृत्तींपुरती थांबत नाही. उदारपणाचा जवळचा शत्रू आश्रयदातेपणा: देणाऱ्याचे नाव फलकावर येते, आणि घेणाऱ्याने ते विसरू नये अशी अपेक्षा राहते. स्पष्टवक्तेपणाचा जवळचा शत्रू दुखावण्याची हौस. न्यायप्रियतेचा जवळचा शत्रू हिशेबीपणा, आणि आपल्या प्रश्नातला गुंता मला इथे दिसतो. पै-पैचा हिशेब चोख ठेवणारा माणूस स्वतःला न्यायी समजतो, आणि तो अन्यायी नसल्यामुळे त्याला कोणी दुरुस्तही करू शकत नाही.

सोशिकपणाचा जवळचा शत्रू याहून गंभीर आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला कर्तव्य वाटते. आमच्या कायद्याने मुलीला समान वाटा दिला तरी ती तो सोडून देऊ शकते, आणि सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात हक्कसोडीचे दस्तऐवज होत असतात. त्यांतले काही मनापासून होतात. परंतु बैठकांत मी ऐकलेली भाषा पुष्कळदा अशी असते, की बहिणीने मोठे मन दाखवावे, माहेर टिकवावे, दोन भिंतींसाठी भावाशी वाकडेपणा घेऊ नये. हे सर्व सद्गुणांचेच शब्द आहेत, आणि ते सारे एकाच दिशेने वाहतात. भावाने मोठे मन दाखवावे, असे त्या बैठकीत कोणी सुचवत नाही. ज्याच्या पदरात फायदा पडणार आहे तोच दुसऱ्याला त्यागाचा महिमा सांगू लागला, तर तिथे सद्गुणाची चर्चा थांबवून हक्काची चर्चा सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे. कायदा आणि सद्गुण यांचे नाते म्हणूनच एकमार्गी नाही. कायदा जिथे तोकडा पडतो तिथे सद्गुणाची गरज असते हे खरे. पण सद्गुणाच्या नावाने दुर्बळाला नागवले जाते तेव्हा कायद्याचा कोरडा, आंधळा समानपणाच त्याला वाचवतो. आपल्या बहिणीने सही न करता इन्व्हेंटरी होऊ दिली असेल, तर तिला त्याबद्दल कोणी हट्टी म्हणू नये.

आणखी एका आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे. गेल्या अर्धशतकात काही मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या आधारे काही तत्त्वज्ञांनी असे म्हटले, की स्थिर स्वभाव नावाची गोष्टच फारशी नसते. माणूस परिस्थितीप्रमाणे वागतो. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रिन्स्टनमधला प्रयोग यात नेहमी उद्धृत होतो. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषणासाठी पाठवले. काहींचा विषय तर बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या प्रवाशाची, कथा हाच होता. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांपैकी ६३ टक्के थांबले, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि फार घाईत असलेल्यांपैकी केवळ १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने फारसा फरक पडला नाही.

यावरून सद्गुण नसतोच असे सिद्ध होत नाही, कारण पक्का सद्गुण दुर्मीळ असतो हे जुन्या आचार्यांनीही सांगितलेलेच आहे. परंतु त्यावरून घाई लक्षाला खाऊन टाकते, हे मात्र सिद्ध होते, आणि लक्ष हेच सद्गुणाचे मुख्य काम आहे हे माझे म्हणणे त्याने बळकटच होते. व्यवहारात याचा अर्थ असा, की स्वतःच्या चांगुलपणावर फार विश्वास ठेवू नये आणि तो टिकेल अशी परिस्थिती आपण जाणीवपूर्वक उभारावी. लिसिटेशनच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात वकिलाने कानात सांगितलेला आकडा ऐकून बोली वाढवताना कोणालाही बहीण आठवत नाही. तो विचार महिनाभर आधी घरी, शक्यतो तिच्याशी बोलून, करायचा असतो.

राहिला जगणे चांगले होण्याचा प्रश्न. आपण तो असा मांडला आहे, जणू सद्गुण हे काम आहे आणि सुख ही त्याची मजुरी, आणि मजुरी मिळत नसेल तर काम का करावे. मजुरी मिळेलच अशी हमी कोणीही प्रामाणिक माणूस देणार नाही. प्राचीन ग्रीसमधल्या स्टोइक पंथाचे लोक म्हणत की सद्गुण एकटाच पुरेसा आहे आणि सद्गुणी माणूस छळ सोसतानाही सुखी असतो. अ‍ॅरिस्टॉटलने यातला अतिरेक ओळखून ट्रॉयच्या प्रायम राजाचे उदाहरण दिले, की ज्याचे राज्य, नगर आणि पुत्र वार्धक्यात नष्ट झाले त्याला सुखी म्हणायला कोणी धजावणार नाही. मी अ‍ॅरिस्टॉटलच्या बाजूचा आहे. आरोग्य, थोडा पैसा, जिवाभावाची माणसे आणि नशीब यांच्याशिवाय जगणे फुलत नाही, आणि सद्गुण यांपैकी कशाचीच खात्री देत नाही.

परंतु जगणे चांगले होणे ज्या गोष्टींनी बनते त्या गोष्टींकडे पाहा. विश्वास टाकता येईल असा मित्र, मोकळेपणाने भांडता येईल असे भावंड, आपल्या माघारीही आपल्याविषयी बरे बोलणारा शेजारी, स्वतःच्या कृत्यांकडे न संकोचता पाहता येणे. यांपैकी एकही गोष्ट बाजारातून आणता येत नाही, आणि लबाडीने मिळवली तर ती त्या क्षणी ती गोष्ट राहत नाही. ज्या मैत्रीत मी विश्वासू नाही ती मैत्री मला मिळालेलीच नसते, समोरच्याला ते अजून कळलेले नसले तरी. म्हणजे सद्गुण या गोष्टींची किंमत म्हणून आधी भरावा लागतो असे नाही. त्या गोष्टी ज्या धाग्यांनी विणल्या जातात त्यांतला तो एक धागा आहे. आपल्याला घर मिळाले, रक्कमही परवडली, आणि तरीही आपण हा प्रश्न लिहून पाठवलात. केवळ नियमाने समाधान होणार असते, तर तो पाठवण्याची गरज पडली नसती.

आता काय करावे, याविषयी. बहिणीला वकिलामार्फत किंवा नातेवाइकामार्फत निरोप पाठवू नये. स्वतः जावे, आणि आपले वागणे कायदेशीर कसे होते हे समजावण्याचा मोह टाळावा, कारण तो मुद्दा तिने नाकारलेलाच नाही. तिला त्या घराविषयी काय वाटत होते हे विचारावे आणि उत्तर मध्ये तोडू नये. ती कदाचित पैशाविषयी बोलेल, कदाचित आईच्या आजारपणाच्या दिवसांविषयी, कदाचित काहीच बोलणार नाही. तिने क्षमा करावी अशी अपेक्षा घेऊन गेलात तर तिच्यावर आणखी एक ओझे पडेल. चवथीचे आमंत्रण द्यायचे असेल तर ते पाहुणी म्हणून न देता, आदल्या दिवशी येऊन माटोळी बांधण्याचे द्यावे.

ऐकल्यानंतर आपल्याला काही द्यावेसे वाटले, घरातल्या एखाद्या खोलीचा आजन्म वापर असो, बागायतीतला तुकडा असो किंवा अधिक रक्कम असो, तर एक गोष्ट आधी करावी. विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसेल तर गोव्यात पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते, आणि स्थावर मालमत्ता पत्नीच्या संमतीशिवाय कोणाच्या नावे करता येत नाही. त्यामुळे हा उदारपणा आपल्या एकट्याचा असू शकत नाही. निम्मा त्यांचा आहे. बहिणीकडे जाण्यापूर्वी पत्नीशी बोला, त्यांना संमती देण्याचा आग्रह करू नका, आणि त्यांचे मत वेगळे असले तर तेही तितक्याच शांतपणे ऐकून घ्या. दस्तऐवजावर त्यांची सही लागेल.